खुशालरावांचा कान

योगेशने मोठा पान्हा उचलला आणि पत्र्याच्या दारावर तीनदा वाजवला.

हातोडे थांबले. ग्राइंडर घरघरत बंद झाला. वेल्डिंग करणाऱ्याने तोंडासमोरची काच वर केली, आणि पलीकडे टायर बडवणाऱ्या दोघांनी होते तिथेच बूड टेकलं. बडनेरा रस्त्यावरच्या या गॅरेजात ही रीत बावीस वर्षांची होती. एखाद्या ट्रकच्या नाहीतर बसच्या हवेची गळती शोधायची असली की तीन ठोके पडायचे, आणि खुशालराव गाडीखालून बाहेर येईपर्यंत कोणी मोठ्याने खोकायचंही नाही. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, इथे कोणी वारलं की काय.

आजचं गिऱ्हाईक नवंच होतं. पांढरी, लांबलचक बस, पण आत बाकडी नव्हती. पलंग होता, छोटा ओटा होता, न्हाणीघर होतं. अकोल्याचे मोरोपंत वकील हे फिरतं घर घेऊन आले होते. सत्तरी ओलांडलेला, काटकुळा, शर्टाचं गळ्याजवळचं बटणही न चुकता लावणारा माणूस. सहलींचा धंदा बंद केलेल्या कोणाकडून तरी त्यांनी ती बस घेतली होती, आणि चालवायला कुलदीप नावाचा ड्रायव्हर ठेवला होता. त्यांना जायचं होतं मेळघाटात, सेमाडोहला. दर्यापूरवरून सरळ परतवाडा गाठला असता तर अमरावती वाटेत आलीही नसती. पण बस उभी राहिली की काही तासांत डावीकडे कलायची. अकोल्याच्या दोन मेकॅनिकांनी हात टेकले, आणि त्यातल्या दुसऱ्याने सांगितलं की अमरावतीला खुशालराव आहेत, त्यांच्या कानाला दाखवून घ्या.

असल्या गाड्यांचं सगळं हवेवर चालतं. इंजिनाला जोडलेला कंप्रेसर हवा दाबून टाक्यांत भरतो. त्या हवेने भरलेले रबरी फुगे गाडीचा तोल धरतात, आणि त्याच हवेवर ब्रेकही चालतात. हवा गेली की गाडी पळत सुटेल असं लोकांना वाटतं. होतं उलटंच. हवेने दाबून धरलेली ब्रेकची स्प्रिंग सुटते आणि मागची चाकं जागच्या जागी जाम होतात. घरासमोर झाली तर चहा पीत बसावं, घाटातल्या वळणावर झाली तर सांगायला कोणी उरत नाही. आणि हे सगळं सुईच्या टोकाएवढ्या भोकाने होऊ शकतं. ते भोक डोळ्यांना दिसत नाही. खुशालरावांना ते ऐकू यायचं. नुसतं ऐकूच यायचं नाही, तर गाडीखाली पडल्या पडल्या ते सांगायचे की मागच्या टाकीचा दुसरा जॉइंट, नाहीतर उजव्या चाकाकडचा रबरी पाइप. दुसऱ्या गॅरेजांत यासाठी साबणाचा फेस लावून बुडबुडे बघत बसतात. खुशालराव त्यांची टिंगल करायचे. आपण मेकॅनिक आहोत, परीट नाही, असं म्हणायचे.

आत्ता ते बसखाली उताणे पडले होते आणि त्यांनी डोळे मिटले होते. डावा फुगा, त्याचा वॉल्व्ह, वर जाणारा पाइप, टाकी, टाकीचे जॉइंट. कान पुढे नेत नेत ते सरकत होते. काही नाही. कानात कापूस कोंबल्यासारखं सगळं मऊ आणि बंद. पूर्वी या शांततेत गळती सापडायची, आता नुसती शांतता तेवढी उरली होती.

आठ महिन्यांपूर्वी त्यांनी कान तपासून घेतला होता, आणि तो मुद्दाम अकोल्याला जाऊन. अमरावतीत कोणी पाहिलं असतं. गोदाबाईंना, म्हणजे बायकोला, भाचीच्या सोयरिकीचं निमित्त सांगितलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवून आवाज ऐकवले आणि शेवटी एक कागद हातात दिला. कागदावरची रेघ अर्ध्यापर्यंत सरळ होती, मग विहिरीत उडी मारल्यासारखी खाली गेली होती. बाई म्हणाल्या, इतकी वर्षं हातोड्यांत आणि कंप्रेसरशेजारी काढलीत, बारीक आवाज गेले. माणसाचं बोलणं पुष्कळसं समजेल. शिट्टी, पाखरं, हवा सुटल्याचा आवाज, हे आता यायचे नाहीत. तो कागद त्यांनी चार घड्या घालून हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवला होता. चिमण्या आता दिसतात पण ओरडत नाहीत, याचा उलगडा त्यांना त्या दिवशी झाला.

तेव्हापासून ते अंदाजाने चालवत होते. अनुभव दांडगा होता, दहातल्या आठ वेळा अंदाज बरोबर यायचा. मनगट ओलं करून जॉइंटजवळ नेलं की गार झुळूक लागायची, तीही कोणाला दिसू न देता. सरळ मार्ग माहीत नव्हता असं नाही. हवा भरावी, दाबाचा काटा बघून ठेवावा, तासाभराने पुन्हा बघावा. कोणीही शिकाऊ माणूस एवढं करतो. पण खुशालरावांनी तासभर काट्याकडे बघत बसायचं म्हणजे गॅरेजातल्या प्रत्येकाला कळलं असतं.

मनगटाला काही लागलं नाही. फुग्याची उंची राखणारी दांडी मात्र थोडी सरकलेली दिसली. बुडत्याला तेवढं पुरे. त्यांनी ती नीट बसवली आणि बाहेर आले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"गळती नाई," ते म्हणाले. "दांडी सरकली होती, बसवली. सकाळी बिनघोर जा, वकीलसाहेब."

मोरोपंतांनी नमस्कार केला. हातोडे सुरू झाले. तेवढ्यात मोरोपंतांनी दचकून बसच्या खिडकीकडे पाहिलं, "हिला काहीतरी हवंय," असं पुटपुटले आणि आत गेले. खुशालरावांनीही वर बघितलं. पडद्याआड एक हात हलताना दिसला. बस तिथेच अंगणात राहणार होती, कारण वकीलसाहेबांच्या बायकोला उचलून हॉटेलात नेणं शक्य नव्हतं, असं योगेशने सांगितलं. योगेश हा गॅरेजचा मालक, चाळिशीचा. वडलांच्या मागे गॅरेज त्याच्या हाती आलं तेव्हापासून तो खुशालरावांना काका म्हणायचा आणि त्यांच्या शब्दावर ट्रक रस्त्यावर सोडायचा.

घरी गोदाबाई चिडलेल्या होत्या. वरण करपलं होतं.

"कुकर कव्हाचा शिट्ट्या मारून राहिला होता. मी शेजारी गेली होती. तुमी इथंच बसले, अन् तुमाले आयकू नाई आलं?"

आपण विचारात होतो असं त्यांनी सांगितलं. ते खोटं नव्हतं. करपलेलं वरण त्यांनी मुकाट्याने खाल्लं, पण त्यांच्या मनातून नत्थुजी जात नव्हता.

नत्थुजी शेंदूरजनाघाटच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होता, अठरा वर्षं एकाच मालकाकडे. दोन महिन्यांपूर्वी, आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोडणी ऐन भरात असताना, तो ट्रक घेऊन आला. मागचं चाक तापतं, हवा कुठेतरी सुटते, असं त्याचं म्हणणं. तीन ठोके पडले. खुशालराव ट्रकखाली गेले आणि बाहेर येऊन त्यांनी मालकाला फोनवर कळवायला सांगितलं की गळती नाही, ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवतो. दुसऱ्या दिवशी तो ट्रक संत्री भरून निघाला आणि हमरस्त्यावर चाकं जाम होऊन उभा राहिला. ब्रेक जळून गेले होते. तीन दिवस माल उन्हात पडला. मालकाने नत्थुजीला काढून टाकलं. नत्थुजी भांडला असता तरी बरं झालं असतं. तो म्हणाला होता म्हणे, "खुशालभाऊ म्हणते तर असंनच. माह्याच पायाची चूक असंन." हे खुशालरावांच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी ते ऐकून सोडून दिलं होतं. सोडलं असं त्यांना वाटलं होतं, पण ते कुठे गेलं नव्हतं.

सकाळी सातलाच ते गॅरेजात हजर झाले. नवाला उघडणारं गॅरेज, त्यांच्याकडे किल्ली होती. त्यांनी गोदाबाईंना काही सांगितलं नाही, आणि स्वतःलाही काटा बघायला चाललो एवढंच सांगितलं होतं. त्यांनी फाटक उघडलं. बस डावीकडे बसली होती. डाव्या चाकावर पत्रा जवळजवळ टेकला होता. कुलदीप चालकाच्या जागेवर बसून हवा भरायला इंजिन सुरू करणार होता. खुशालरावांनी त्याला थांबवलं, वर चढून हवेचा काटा पाहिला. काटा तळाला टेकत आला होता, थोडीच हवा उरली होती.

मोरोपंत टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले. ते रागावले नाहीत, आणि तेच खुशालरावांना सहन होईना. ते म्हणाले की पुन्हा कलली खरी, पण कुलदीप म्हणतो इंजिन चालू ठेवलं की हवा पुरते, मग निघावं म्हणतो. उन्हं चढायच्या आत घाट चढून जाऊ. तुम्ही ऐकलंच आहे काल, म्हणजे काही धोक्याचं नसणार.

"नाई," खुशालराव म्हणाले. "जाऊ नका."

मोरोपंतांनी त्यांना चहाला आत बोलावलं.

आत सगळं तिरपं झालं होतं. ओट्यावरची भांडी एका बाजूला सरकली होती. डावीकडच्या पलंगावर प्रमोदिनीबाई पडलेल्या होत्या. भिंतीशी घसरू नयेत म्हणून त्यांच्या अंगाला उशा लावल्या होत्या. केस नीट विंचरलेले, कपाळावर ठसठशीत कुंकू. दोन वर्षांपूर्वी झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली, असं मोरोपंत चहा ओतता ओतता सांगत होते. अकोल्यात मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. दर थंडीत वीस-पंचवीस मुली घेऊन सेमाडोहला मुक्कामाला जायच्या. सिपना नदीच्या काठी मुलींना डोळे बांधून बसवायच्या आणि कोणता पक्षी बोलला ते विचारायच्या. रानात पाखरू बघायला जाऊ नका, ऐकायला जा, असं त्यांचं सांगणं असायचं.

"डॉक्टर म्हणतात आता पुढच्या थंडीचा भरवसा धरू नका," मोरोपंत म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला, तो घसरला, त्यांनी परत धरला. "कान तेवढा शाबूत आहे हिचा. म्हणून हे सगळं."

बाईंच्या डाव्या हातात स्टीलचा चमचा होता. त्या तो डोक्याजवळच्या प्लायवूडवर मारत होत्या. खुशालरावांना आवाज ऐकू आला, तो जाड होता, येण्यासारखा होता.

मोरोपंत ओशाळून म्हणाले, "काल तुम्ही खाली होतात तेव्हापासून हे चाललंय. वाटलं खिडकी हवी असेल, उघडली. वाटलं पाणी हवं असेल, दिलं, तर चमचा फेकून मारला मला. पहाटेपासून परत तेच."

चमचा एकाच जागी पडत होता. बाईंची नजर मोरोपंतांकडे नव्हती, खुशालरावांकडे होती. त्यांनी चमचा ठेवला, बोट स्वतःच्या कानाला लावलं, मग तेच बोट प्लायवूडकडे नेलं. एवढं कोणालाही कळलं असतं. ऐका, असं त्या म्हणत होत्या.

खुशालराव वाकले. पलंगाच्या कडेला गुडघा टेकून त्यांनी प्लायवूडला कान लावला. बाईंचा चेहरा हातभर अंतरावर होता. त्यांनी डोळे मिटले नाहीत, कारण मिटून उपयोग नव्हता. तिथे काही नव्हतं. अकोल्याच्या काचेच्या खोलीत होतं तेवढंच होतं. त्यांनी मान वर केली, तेव्हा बाई त्यांच्याकडे बघत होत्या. आधी त्यांच्या डोळ्यांत अधीरपणा होता, मग आश्चर्य आलं, आणि मग तेही गेलं. वीस वर्षं डोळे बांधलेल्या मुलींचे चेहरे वाचणाऱ्या बाईला एक चेहरा वाचायला किती वेळ लागणार. त्यांना कळलं. आठ महिन्यांत हे कळलेलं पहिलं माणूस ते होतं, आणि त्याला कोणाला सांगता येणार नव्हतं.

बाईंनी नजर वळवली नाही. त्यांनी डाव्या हाताने खुशालरावांचं मनगट धरलं, ओढलं आणि त्यांचा तळवा प्लायवूडच्या सांध्यावर ठेवला. खुशालरावांनी दुसऱ्या हाताने कुलदीपला खूण केली, त्याने इंजिन सुरू केलं. काटा चढत गेला तसा सांध्यातून गार दोऱ्यासारखा वारा त्यांच्या तळव्याला लागला. त्यांनी बाईंकडे बघून मान हलवली.

प्लायवूडचे स्क्रू काढले तेव्हा सगळं उघड झालं. बसचं घर करताना कोणीतरी खाली पाण्याची टाकी बसवली होती. जागा पुरेना, म्हणून डाव्या फुग्याचा नायलॉनचा पाइप वळवून, फरशीला भोक पाडून वर पलंगामागे घेतला होता आणि तिथे एक जोड दिला होता. खालून शोधणाऱ्याला तो दिसणं शक्य नव्हतं. ऐकू मात्र आला असता. पाच वर्षांपूर्वीच्या खुशालरावांना तो खाली पडल्या पडल्या ऐकू आला असता, हे त्यांना लख्ख माहीत होतं.

"साबन आहे का?" त्यांनी विचारलं.

मोरोपंतांनी न्हाणीतून अंगाचा साबण आणून दिला. खुशालरावांनी बाईंच्या औषधाच्या वाटीत पाणी घेऊन त्याचा फेस केला. बावीस वर्षांत त्यांनी हे केलं नव्हतं, पाणी जास्त झालं, परत थोडा साबण घासला. बोटाने फेस जोडाला लावला. एक बुडबुडा आला, वाढला, खिडकीतल्या उजेडात रंग दाखवत थरथरला आणि फुटला. त्यामागे दुसरा आला. बाईंनी मान कष्टाने तिरकी करून ते पाहिलं. त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसली.

पाइपचा तडकलेला तुकडा कापून नवा जोड बसवायला पाऊण तास लागला. मग खुशालरावांनी टाक्या भरल्या, इंजिन बंद करायला लावलं, काट्याच्या काचेवर खडूने खूण केली आणि चालकाच्या पायरीवर बसले. हा तासभर ते फक्त काट्याकडे बघत होते. लाज वाटली, पण जितकी वाटेल असं वाटलं होतं तितकी नाही. काटा खुणेवरून हलला नाही. बस सरळ उभी होती.

नवाला योगेश आला, माणसं आली, शटर वर गेलं. योगेशने बस सरळ पाहिली, बाहेर काढलेलं प्लायवूड पाहिलं, पाइपचा तुकडा हातात घेऊन फिरवला. त्याला सगळं समजलं असं त्याला वाटलं.

"म्हटलं होतं न, वकीलसाहेब," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बंद लाकडातली गळती आयकली काकानं. इदर्भात दुसरा कान नाई असा."

माणसं जवळ आली. कोणीतरी तुकडा मागून घेतला, तो हातोहात फिरला. मोरोपंतांनी खुशालरावांकडे पाहिलं. त्यांना खरं माहीत होतं, सगळं नसेल पण पुष्कळसं. बुडबुडे त्यांनीही बघितले होते, चमचाही बघितला होता. पण ते वकील होते आणि सभ्य होते, दुसऱ्याच्या तोंडचा जबाब आपण द्यायचा नाही हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत उभे राहिले. खुशालरावांनी नुसतं गप्प राहायचं होतं. तोंड उघडायचीसुद्धा गरज नव्हती. अंदाजाने आणखी वर्ष-दोन वर्षं निघाली असती. मग पुढचा नत्थुजी कोण, आणि तो घाटात असेल की सपाटीवर, हे नशिबावर सोडायचं होतं.

"योगेश," ते म्हणाले, "पान्हा घे. तीन वाजव."

योगेश हसला. आता कोणती गाडी, असं त्याने विचारलं. वाजव, असं ते परत म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून त्याने पुढे काही विचारलं नाही. तीन ठोके पडले. जे थोडे हात सुरू झाले होते तेही थांबले. सगळे वाट बघू लागले, आणि खुशालराव कोणत्याही गाडीखाली गेले नाहीत. ते अंगणाच्या मधोमध उभे राहिले.

"मले हवा आयकू येत नाई," ते म्हणाले. "आठ महिने झाले. काल मी खाली पडून होतो, तवा मले काईच आयकू आलं नव्हतं, अन् मी बिनघोर जा म्हणलो. ही गळती आतल्या बाईसाहेबानं शोधली. माह्या कानाच्या भरवशावर ते आज घाटात गेले असते." मग ते म्हणाले, "नत्थुजीच्या गाडीत गळती होती. त्याचा पाय नव्हता ब्रेकवर."

काम परत सुरू कधी करायचं हे कोणाला कळेना, कारण खुशालराव गाडीखालून बाहेर आले की सुरू करायचं अशी रीत होती. योगेशच्या हातात पान्हा तसाच होता. त्याने काहीतरी विचारलं, पण मान खाली घालून विचारलं, त्यामुळे खुशालरावांना समजलं नाही. त्यांनी परत विचारायला लावलं. तो विचारत होता की यावर काही इलाज नाही का.

"कानात घालाचं यंत्र भेटते. त्यानं बोलनं आयकू येते म्हणते. हवा नाई," ते म्हणाले. मग सगळ्यांकडे वळले. "लागा आता कामाले."

त्यांच्या सांगण्यावरून योगेशने लगेच शेंदूरजनाघाटला फोन लावला. खुशालराव शेजारी उभे राहून त्याचा चेहरा बघत होते. योगेशने खरं काय ते सांगितलं, मग बराच वेळ ऐकत राहिला, मग फोन ठेवला. मालकाने ऐकून घेतलं होतं. बरं झालं सांगितलं म्हणाला. पण नवा ड्रायव्हर ठेवून दीड महिना झाला होता, आणि नत्थुजी मुलीकडे चांदूर रेल्वेला राहायला गेला असं तो ऐकून होता. खुशालरावांनी चांदूर रेल्वेला जाणारी गाडी किती वाजता असते ते विचारलं. रविवारी जाईन, असं ते म्हणाले. नत्थुजीसमोर उभं राहून काय बोलायचं हे त्यांना अजून माहीत नव्हतं. तो बिचारा परत असंनच म्हणेल, याचीच त्यांना जास्त भीती वाटत होती.

दहाच्या सुमाराला बस निघाली. मोरोपंतांनी खाली उतरून खुशालरावांचे दोन्ही हात हातात घेतले आणि ते परत चढले. खिडकीचा पडदा बाजूला झाला होता. प्रमोदिनीबाईंना उशांना टेकवून बसवलं होतं, त्यांचं तोंड रस्त्याकडे होतं. खुशालराव काचेखाली जाऊन उभे राहिले. त्यांनी बोट आपल्या कानाला लावलं, मग उत्तरेला, मेळघाटाकडे दाखवलं. बाईंनी चमच्याने काचेवर एकदा टकटक केलं.

कुलदीपने ब्रेक सोडला. असा ब्रेक सुटतो तेव्हा मोठा फुसकारा होतो, अंगणातली कुत्री उठून पळतात इतका. कुत्रं उठून पळालं. मागच्या चाकाजवळची धूळ एकदम उडाली आणि हळूहळू खाली बसली. खुशालरावांनी ती धूळ पाहिली, आणि हवा नीट सुटली असं त्यांना समजलं. बस फाटकातून बाहेर पडली, सरळ, कुठेही न कलता.

दुपारी एक सिमेंटचा ट्रक आला. हवा टिकत नाही, अशी तक्रार होती. ड्रायव्हर अमरावतीचाच होता, जुना, त्याला सगळं माहीत होतं. त्याने इंजिन बंद केलं आणि तीन ठोक्यांची वाट बघत उभा राहिला. योगेशने सवयीने पान्हा उचलला. दारावर, जिथे बावीस वर्षं तो पडत आला होता, तिथला निळा रंग उडून वाटोळा पत्रा उघडा पडला होता. पान्हा हवेत राहिला. योगेशने खुशालरावांकडे पाहिलं.

खुशालराव जुन्या मगात साबणाची वडी घासत बसले होते. त्यांनी वर न बघता हाताने खूण केली, राहू दे.

योगेशने पान्हा खिळ्याला अडकवला. ग्राइंडर चालूच होता, हातोडे चालूच होते, टायरवाले आपसात काहीतरी बोलून हसत होते. त्या सगळ्या गोंगाटात खुशालराव मग छातीवर धरून ट्रकखाली सरकले.